डाव्या दाराखालचं सिमेंट

मिस्त्रींनी ग्राइंडर बंद केला, चष्मा कपाळावर सरकवला आणि गाडीखालून माझ्याकडे असं काही पाहिलं, की मी पदराने कपाळ पुसायला लागले. जानेवारीचे दिवस होते. घाम आलेला नव्हता.

"मावशी," ते म्हणाले, "या गाडीत कोणी घर बांधायला घेतलं होतं का?"

गाडीच्या डाव्या दारांखालचा कुजलेला पत्रा त्यांनी कापून खाली पाडला होता. आत पोकळी दिसायला हवी होती. दिसत होतं सिमेंट. चांगलं राखाडी, घट्ट, मध्ये विटांचे तुकडे घातलेलं, पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत एकसंध. माझा मुलगा बाजूलाच उभा होता. तो तळोज्याच्या कारखान्यात मशिनरीची देखभाल बघतो, राहतो कामोठ्याला. त्याने वाकून बघितलं आणि म्हणाला, "आई, हे काय आहे?"

"बाबांनी काहीतरी केलं असेल," मी म्हटलं.

ह्यांना जाऊन नऊ वर्षं झाली. उलट बोलायला येणार नाहीत याची खात्री होती, म्हणून बोलले. पंचाहत्तरी आली तरी माणूस सुधारत नाही तो असा.

आता ही गाडी कोणती, ते सांगते. जुनी, चार दारांची, गोल दिव्यांची, स्टेअरिंगलाच गिअरचा दांडा असलेली. रंग सायीचा. लग्नानंतर चौथ्या वर्षी ह्यांनी ती सेकंडहँड घेतली. ह्यांचं पनवेलच्या बाजारात औषधाचं दुकान होतं. ह्यांना गाडी घ्यायची फार हौस होती, चालवायची मुळीच नव्हती. पहिल्याच दिवशी गल्लीच्या तोंडाशी त्यांनी ती भाजीवाल्याच्या हातगाडीला इतक्या हळू नेऊन लावली, की भाजीवाल्याला आधी कळलंच नाही. मग ह्यांनी किल्ली माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "तू शीक." मी शिकले. आमच्या आळीत गाडी चालवणारी पहिली बाई मी. हे मी कधी कोणाला सांगत नाही असं नाही. दर महिन्याला एकदा तरी सांगते.

पण त्या वेळची मी म्हणजे एक नमुना होते. गाडी शिकल्याच्या दुसऱ्या आठवड्यात मी काळा गॉगल घेतला. पदराला दोन पिना. आणि निघाले माहेरी, गव्हाणच्या बाजूला. गावाच्या वेशीपासून भोंगा सुरू, तो थेट आमच्या दारापर्यंत. बांधावर काम करणाऱ्या बाया कमरेवर हात ठेवून बघत राहायच्या. माझा मोठा भाऊ ओरडायचा, "बाय आली, बाय आली! कोंबड्या आत घ्या!" मला वाटायचं, केवढं कौतुक करतो आहे. त्याला खरंच कोंबड्यांची काळजी होती हे मला बऱ्याच वर्षांनी समजलं.

आमच्या माहेरी मिठागरं. आमच्या घरची रीत अशी, की हंगामातलं पहिलं मीठ आधी देवापुढे ठेवायचं आणि मग सासरी गेलेल्या लेकीला द्यायचं. विकायचं नंतर. बाकीच्या बहिणी ते डोक्यावरून, एसटीतून न्यायच्या. माझी गाडी होती, म्हणून भाऊ मला पिशवी नाही, अख्खी गोण द्यायचा.

"न्हेशील ना गो?" तो विचारायचा.

"आणखी एक टाक," मी म्हणायचे. गॉगल न काढता.

पहिलं मीठ ओलं असतं. त्या गोणीतून पाणी गळत असतं, आणि ते साधं पाणी नसतं, जिभेला लागलं तर दिवसभर चव जात नाही. ती गोण मी डाव्या बाजूच्या मागच्या दारातून आत ढकलायचे, सीटपुढे पाय ठेवायच्या जागेत. हे दर वर्षी सांगायचे, "अगं, डिकीत ठेव. खाली प्लास्टिक तरी घाल. मीठ लोखंडाला खातं."

मी उत्तर द्यायचे, "असू दे. मिठाने दृष्ट निघते. माझ्या गाडीकडे किती लोक बघतात, माहीत आहे?"

आणि खरोखर, मी रबराच्या मॅटखाली दोन मुठी मीठ मुद्दाम पसरून ठेवायचे. वर्षभर. दृष्ट लागू नये म्हणून! सगळ्या आळीला औषधं विकणारा माणूस, पण ह्या दुखण्यावर त्याच्याकडे गोळी नव्हती.

आठ-नऊ वर्षं गाडीने मुकाट सोसलं. मग एकदा माहेरून परत येताना उरणच्या रस्त्यावर चाक पंक्चर झालं. चाक बदलायला मला यायचं. नुसतं यायचं नाही, येतं हे लोकांना दिसावं म्हणून मी ते जरा सावकाश करायचे. दाराखालच्या खाचेत जॅक अडकवला, दांडा फिरवायला लागले. जॅक वर गेला. गाडी जागेवरच. आधी करकर आवाज आला, मग आत मागच्या सीटपुढची मॅट पोट फुगल्यासारखी हळूहळू वर आली. मी मॅट उचलून पाहिली, तर खालचा पत्रा पापडासारखा चुरत होता आणि त्यातून जॅकचं टोक माझ्याकडे बघत होतं.

एका ट्रकवाल्याने त्याचा जॅक चाकाच्या आसाखाली लावून चाक बदलून दिलं. जाताना तो म्हणाला, "बाई, हिला आता आराम द्या." मला राग आला. गाडीला म्हटलं होतं, मला लागलं.

ह्यांना सांगायचं म्हणजे 'मी सांगत नव्हतो?' हे वाक्य ऐकायचं. ते ऐकायची माझी तयारी नव्हती. योगायोग असा, की आमच्या शेजारी कंपाउंडची भिंत बांधायचं काम चालू होतं. हे दुकानात गेले, तसं मी गवंड्याला बोलावलं.

"बाई, गाडीत सिमेंट?" तो म्हणाला.

"तुम्हाला गाडीतलं काय कळतं?" मी म्हटलं.

जसं काही मला कळत होतं! दाराखाली गाडीच्या दोन्ही बाजूंना पत्र्याची लांब पोकळ पेटी असते. सगळ्या गाडीचा कणा त्या दोन पेट्या. आत हवा खेळावी, पाणी निथळावं म्हणून ती पोकळ ठेवतात. हे मला आज माहीत आहे. तेव्हा मला वाटलं, पोकळ आहे म्हणूनच तुटली, भरून टाकू. गवंड्याने विटांचे तुकडे सारले, वरून सिमेंट ओतलं, थापीने सारखं केलं. डाव्या बाजूचं काम झालं. तेवढ्यावर थांबले असते तरी पुष्कळ होतं. पण मला विचार पडला: एका बाजूला एवढं वजन झालं तर गाडी डावीकडे कलणार. म्हणून तोल सांभाळायला मी उजवी बाजूही भरून घेतली. धडधाकट पत्र्याला भोक पाडून. गवंडी बिचारा भोक पाडताना दोनदा थांबला, दोन्ही वेळा मी त्याला ओरडले.

संध्याकाळी हे आले. "जॅक खराब निघाला," मी सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी नवीन जॅक आणला. मी तो कधी वापरला नाही. पुढची सगळी वर्षं पंक्चर झालं की पंक्चरवाल्याला बोलवायचे, आणि आळीतल्या बायका म्हणायच्या, आता वय झालं हिचं. तेही मी ऐकून घेतलं, पण तोंड उघडलं नाही.

तर आता हे असं झालं होतं, की गाडीच्या नोंदणीची मुदत संपत आली होती. पुढे चालवायची तर तपासणी पास व्हायला हवी, आणि तपासणीत गाडीखाली खड्ड्यात उतरून बघतात. मुलाचं म्हणणं होतं, "आई, भंगारात देऊन टाक. तुला कुठे जायचं तर मी गाडी पाठवतो." भंगारवाला येऊन फोटोही काढून गेला होता. मी हट्ट धरला. शेवटी आमचं असं ठरलं, की मिस्त्रींनी सांगितलं कणा सुधारतो, तर करायचं. मिस्त्री म्हणाले होत नाही, तर मी गाडीच्या कागदांवर सही करायची. मग एक शब्द बोलायचा नाही.

हे मिस्त्री पनवेलचेच, साठीचे. हात लोखंडी, बोलणं मऊ. ह्यांच्या दुकानातून त्यांच्या अम्मीची औषधं जायची, तेव्हापासूनची ओळख.

तर मिस्त्री गाडीखालून बाहेर आले. हातोडी घेऊन उजव्या बाजूला गेले. तिथल्या पेटीवर त्यांनी तीन ठिकाणी ठोकलं. ठक्क. ठक्क. ठक्क.

"माशाल्ला," ते खूश होऊन म्हणाले, "ही बाजू एकदम ठोस आहे. काम होईल, भाई. उजव्या पेटीखाली दोन घोड्या लावतो, गाडीचा सगळा भार तिच्यावर घेतो आणि डावी बाजू पूर्ण कापून काढतो."

घोडी म्हणजे गाडी उचलून टेकवायचं लोखंडी स्टँड. मिस्त्रींनी दोन घोड्या ओढत आणल्यासुद्धा.

ती बाजू ठोस का वाजते, हे जगात एकट्या मला माहीत होतं. त्या सिमेंटभोवतीचा पत्रा एवढ्या वर्षांत ओल धरून बसलेला. त्याच्यावर भार दिला आणि डावीकडून कापलं, की गाडी मधोमध वाकणार. एकदा वाकली की मिस्त्रीच काय, कोणीही सरळ करणार नाही. आणि खरं सांगितलं, तर शेजारी उभा असलेला मुलगा म्हणणार, दोन्ही बाजू गेल्या, संपलं, कर सही. न सांगावं तर गाडी जाते, सांगावं तरी जाते. वर इतक्या वर्षांचा माझा तोरा जातो तो वेगळा.

मिस्त्रींनी जॅकचा दांडा हातात घेतला.

"थांबा," मी म्हटलं. "ती बाजूही भरलेली आहे."

"कशाने?"

"त्याच मालाने."

"बाबांनी?" मुलाने विचारलं.

"मी," मी म्हटलं. "त्या बिचाऱ्यांना माहीतही नव्हतं."

मग सगळंच सांगितलं. गोण, दृष्ट, जॅक, गवंडी. सांगता सांगता माझंच मला ऐकवेना. तोल सांभाळायला चांगल्या पत्र्याला भोक पाडलं, इथपर्यंत आले तेव्हा मिस्त्री खाली बसले. हसत होते की रडत होते कळेना, खांदे हलत होते.

"तोल!" ते म्हणाले. "मावशी, चाळीस वर्षं हातात हातोडी आहे. भगदाडात साबण भरलेला बघितला, गोणपाट भरलेलं बघितलं. तोल सांभाळणारं गिऱ्हाईक पहिल्यांदा बघतोय."

मुलगा हसत नव्हता. तो उजव्या बाजूला बोटाने पत्रा दाबून बघत होता. मी वाट बघत होते, आता म्हणेल, आता म्हणेल. तो म्हणाला, "चाचा, दोन्ही पेट्या नवीन केल्या तर?"

"तर काय, होईल. पण तयार पार्ट मिळणार नाही. पत्रा वाकवून घ्यावा लागेल, माप एकदम बरोबर."

"माप मी घेतो. पत्रा मी वाकवून आणतो."

मी मुलाकडे बघितलं. तो म्हणाला, "अशी बघू नकोस. सांगितलंस म्हणून. नसतं सांगितलंस तर आज गाडी इथेच मोडली असती आणि मी तुला घरी काय तोंडाने नेलं असतं?"

पुढचे बारा दिवस मी रोज सकाळी घरातली आवराआवर करून गॅरेजवर जायचे. मिस्त्रींनी माझ्यासाठी एक प्लास्टिकची खुर्ची ठेवली होती. त्यांनी आता पेट्यांवर भार दिलाच नाही, चार घोड्या चाकांच्या आसांखाली लावल्या. पेट्रोलची टाकी उतरवली. सीट, मॅट, सगळं बाहेर. मग दारांच्या चौकटीत आतल्या बाजूने, दार लागू शकेल असे, लोखंडी पाइप तिरके वेल्ड केले. हाड मोडल्यावर कामट्या बांधतात तसे. पेटी काढल्यावर गाडी वाकू नये म्हणून. आणि एका वेळी एकच बाजू. डावी नवी होऊन थंड झाल्याशिवाय उजवीला हात लावायचा नाही.

सिमेंट छिन्नीने फोडावं लागलं. "गवंडी चांगला होता तुमचा," मिस्त्री घाम पुसत म्हणायचे. "त्याच्याकडून बंगला बांधून घ्यायचा होता."

मुलाने आणलेला पत्रा इतका नेमका वाकवलेला होता, की मिस्त्रींनी तो दोन वेळा उलटासुलटा करून पाहिला आणि काही न बोलता जागेवर धरला. मला वाटलं, काही बोलावं यांनी. मीच बोलले, "माझा मुलगा आहे."

वेल्डिंग सलग करत नाहीत, हे मला तिथे समजलं. एक टाका इथे, दुसरा हातभर लांब, तिसरा परत अलीकडे. एकाच जागी आग धरली तर पत्रा तापून ओढला जातो आणि दाराची फट बदलते. म्हणून मिस्त्रींनी मला काम दिलं. "मावशी, प्रत्येक चार टाक्यांनंतर दार लावून बघायचं. या दाराचा आवाज तुमच्याइतका कोणाला माहीत?"

हे मात्र खरं होतं. हे दार मी किती वेळा लावलं असेल, रागाने, लाडाने, पावसात, पोर कडेवर घेऊन! दार नीट बसलं की दोन आवाज येतात, आधी बारीक, मग जाड. मी लावायचे, ऐकायचे, मान हलवायचे. मिस्त्री पुढचे टाके मारायचे. डाव्या बाजूचं असं सगळं पार पडलं.

उजव्या बाजूला तिसऱ्या दिवशी मी दार लावलं आणि मान हलवली नाही.

"काय झालं?"

"एकच आवाज आला."

मिस्त्रींनी फटीत बोट फिरवलं. "ठीक तर दिसतंय."

"दिसू दे. बारीक आवाज आला नाही."

कोणी दुसरा असता तर म्हणाला असता, म्हातारे, गप बस. मिस्त्रींनी मापाची पट्टी आणली. फट खालच्या टोकाला केसाएवढी कमी झाली होती. त्यांनी मशीन बंद केलं, मागचे दोन टाके घासून काढले आणि सरळ चहा मागवला. पत्रा पूर्ण थंड होईपर्यंत आम्ही बसून राहिलो. त्या तासाभरात मला ह्यांची फार आठवण आली. वाटलं, त्यांनी 'मी सांगत नव्हतो?' म्हटलं असतं, एकदा काय शंभरदा म्हटलं असतं, तरी चाललं असतं. ऐकून घेतलं असतं तर दोन दिवसांत विषय संपला असता. मी मूर्खासारखी सिमेंट कालवत बसले.

थंड झाल्यावर मिस्त्रींनी उलट्या बाजूने टाके मारले. मी दार लावलं. बारीक, मग जाड.

"आले दोन्ही," मी म्हटलं.

"मावशी, तुम्ही उद्यापासून इथेच कामाला या," ते म्हणाले. सांगायला हरकत नाही, मला शाळेत कधी पहिला नंबर मिळाला नव्हता. तो कसा लागत असेल ते त्या दिवशी कळलं.

शेवटच्या दिवशी चौकटीतले पाइप कापायचे होते. आता गाडी स्वतःच्या कण्यावर उभी राहते की बसते, ते कळणार. मुलगा रजा काढून आला होता. पाइप कापले, घोड्या काढल्या, गाडी चार चाकांवर आली. मी चारही दारं एकामागून एक लावली. आठ आवाज मोजले. मग मिस्त्रींनी हातोडीने दोन्ही पेट्यांवर ठोकलं. टण्ण. टण्ण. पोकळ, स्वच्छ.

"हा आवाज हवा," ते म्हणाले. आणि गाडीला नाही, मुलाला नाही, मला सलाम केला.

तपासणीच्या मैदानावर गाडी मीच नेली. मुलगा शेजारी, मिस्त्री मागे. तपासायला आलेला साहेब माझ्या नातवाच्या वयाचा. खड्ड्यात उतरला, बॅटरी मारली, स्क्रू-ड्रायव्हरने पेट्यांना टोचून पाहिलं, ठोकून पाहिलं. जिथे शंका यायला हवी तिथेच तो जास्त वेळ थांबला, म्हणजे पोराला काम येत होतं. मिस्त्री वर उभे राहून ओठ हलवत होते.

साहेब वर आला. "हे काम कुठे केलंत?"

"पनवेललाच," मी म्हटलं.

"एवढ्या जुन्या गाडीखाली इतकं सरळ काम मी बघितलं नाही." मग त्याने मुलाकडे हात केला. "चला, जरा चालवून दाखवा. ब्रेक बघतो."

मुलगा म्हणाला, "तिला सांगा. गाडी तिची आहे."

"आजी चालवणार?"

"इथपर्यंत काय ढकलत आणली?" मी म्हटलं.

चालवून दाखवली. ब्रेक दाखवले. मग तो म्हणाला, मागे घ्या. दोन टेम्पोंच्या मधून, मागे बघत, एका दमात घेतली. बाजूला उभ्या टेम्पोवाल्यांपैकी एकाने शीळ घातली. या वयात शीळ मिळते, ती सोडू नये. मी हात केला.

साहेबाने सही केली. बाहेर पडताना मुलाचा फोन वाजला. भंगारवाला होता. कधी येऊ विचारत होता बहुतेक, आणि बराच वेळ काहीतरी पटवत होता.

"नाही हो, येऊ नका," मुलगा म्हणाला. "नाही नाही, तसं काही नाही. आई चालवते ना ती गाडी."

मी समोर रस्त्याकडे बघत गिअर टाकला. दुसरा पडायला अजून जरा कुरकुर करतो, पण ते काम गिअरचं आहे, कण्याचं नाही.